बाळंतपणाला निघालेली खुर्ची

मला पडण्याचा दांडगा अनुभव आहे. शाळेच्या पायरीवर, बाजारपेठेत भाजीवालीच्या पाटीत, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना, आणि एकदा तर झेंडावंदनाला ‘सावधान’ म्हटल्याबरोबर. अर्ध्या महाडने मला कधी ना कधी उचललेलं आहे. त्यामुळे परवा व्यायामाच्या दवाखान्यात एका नव्या पेशंटबाईंनी विचारलं, “तुम्ही म्हणे विजेची खुर्ची घेऊन विमानाने गेला होता? मला मुलाकडे जायचंय, कसं करायचं?” तेव्हा मी जी सुरू झाले ती त्यांची रिक्षा येईपर्यंत थांबले नाही. जाताना त्या म्हणाल्या, “हे लिहून द्या हो.” म्हणून हा खटाटोप. यात उपयोगाचं थोडं आहे आणि फजितीचं जास्त. सूचना कुणाच्या लक्षात राहत नाहीत, फजिती राहते, हे मी शाळेत उभी हयात घालवून शिकले.

एक आधीच सांगून टाकते. मी बरी झालेली नाही. माझा आजार स्नायूंचा आहे, कमरेपासून सुरू होऊन हळूहळू हातपाय पसरणारा, आणि त्यात बरं होणं हा प्रकारच नाही. तेव्हा शेवटी मी उठून चालू लागेन अशा आशेने कुणी वाचत असेल तर त्यांनी इथेच थांबावं.

नाव कळलं तो दिवस

नव्वद सालानंतरची गोष्ट. महाडात मला कॅल्शियम झालं, ताकदीची इंजेक्शनं झाली, कंबरेला पट्टा झाला. शेजारणींनी शनिवारी मारुतीला तेल घालायला सांगितलं, तेही घातलं. मारुतीचे सांधे ठीक राहिले. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे मोठे डॉक्टर सकाळी विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन यायचे. प्रत्येक जण छोटी हातोडी घेऊन माझ्या गुडघ्यावर मारायचा आणि पाय काही हलायचा नाही. एकाने भीत भीत मारलं, एकाने तर नारळ फोडल्यासारखं. मला मास्तरीण म्हणून राहवेना. मी मनातल्या मनात प्रत्येकाला गुण देत होते, आणि एके दिवशी ते त्यांना सांगूनही टाकले. एक मुलगी नापास झाली होती. ती दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, “बाई, पुन्हा एकदा मारू का?” मग मांडीतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. मटणाच्या दुकानात पाव किलो म्हणतात त्यापेक्षा नक्कीच कमी होता, पण दुखला जास्त.

निकालाच्या दिवशी डॉक्टर माझ्याबद्दल सगळं आमच्या ह्यांना सांगत होते. माझ्याकडे पाहायचे ते फक्त नाव अडलं की. हे एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक. जन्म गाड्या सोडण्यात गेलेला. सगळं ऐकून घेतल्यावर ह्यांनी विचारलं, “साहेब, शेवटचा स्टॉप कुठला?”

मला इतका राग आला की काय सांगू. पण डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, “ते सांगता येत नाही. काहींची गाडी फार सावकाश जाते.” ह्यांनी ते वाक्य पुढे इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी डॉक्टरांचं कोणतं आणि ह्यांचं कोणतं हे मलाही सांगता येईना.

खाली कँटीनमध्ये आम्ही दोन मिसळी घेतल्या. ह्यांना घास उतरेना. मी माझी खाल्ली आणि मग ह्यांचीही खाल्ली. मला भीती वाटली की भूक लागते. आणि त्या दिवशी मला फार भीती वाटली होती. आमची एकुलती एक मंजू तेव्हा आठवीत होती, आणि मिसळ खाताना माझ्या डोक्यात काय होतं, तर हिचं बाळंतपण कोण करणार. मरणाचा विचार त्यानंतर, चहाबरोबर आला.

उचलाउचली

पुढची वर्षं हे मला उचलत राहिले. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत. आमच्या घरातली निम्मी भांडणं या प्रवासात झाली. भांडणाऱ्या माणसाच्या गळ्यात हात टाकून भांडता येत नाही, हे करून पाहा. ह्यांची कंबर गेली ती ह्यांनी लपवली. रात्री पोटाला म्हणून बाम मागायचे.

मंजू इंजिनिअर झाली, बंगलोरला नोकरीला लागली, तिथेच एक सोलापूरकडचा मुलगा पसंत केला, श्रीकांत. आधी आलेल्या दोन स्थळांनी माझ्या आजाराबद्दल शेजारीपाजारी चौकशी केली होती आणि मग पत्रिकाच जुळेनाशी झाली होती. श्रीकांतच्या आई पहिल्याच भेटीत माझ्यासमोर पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “हे पोरीला होतं का?” मी म्हटलं, “डॉक्टर म्हणतात, बहुतेक नाही.” त्या म्हणाल्या, “बरं. चहात साखर कमी घाला.” मला तेव्हाच त्या आवडल्या.

खुर्ची आली

मंजूने पहिल्या पगारांतून खुर्ची घेतली. परदेशी बनावटीची, कुणाची तरी वापरलेली. खाली दोन बॅटऱ्या, उजव्या हाताशी छोटा दांडा. दांडा जिकडे कलेल तिकडे खुर्ची. बोटात जोर असला की पुरे, आणि बोटं माझी अजून ऐकत होती.

खुर्ची टेम्पोतून उतरली तेव्हा आळीतले सगळे जमले. ह्यांनी तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, कुंकवाने स्वस्तिक काढलं. मी म्हटलं, “अहो, हे वाहन नाही.” हे म्हणाले, “चाकं आहेत, बॅटरी आहे, माणूस वाहते. आणखी काय असायला लागतं?” नारळ मात्र मी फरशीवर फोडू दिला नाही.

त्या काळी भारनियमनाचा असा जोर होता की खुर्ची कधी चार्ज करायची याचं वेळापत्रक ह्यांनी डेपोच्या पद्धतीने भिंतीवर लावलं होतं. वीज गेली की मी फलाटावर लागलेली गाडी. पण एरवी मी मोकळी होते. खुर्ची आल्यावर काही दिवसांनी कशावरून तरी आमची जुंपली. हे बोलत होते आणि मी दांडा वळवला आणि सरळ दुसऱ्या खोलीत निघून गेले. ह्यांचं वाक्य अर्धवट राहिलं. कित्येक वर्षांत मला भांडणातून उठून जाता आलं नव्हतं. त्या खोलीत जाऊन मी रडले, आनंदाने. थोड्या वेळाने हे दारात येऊन म्हणाले, “माझं पूर्ण झालं नव्हतं.”

उलटं बाळंतपण

मंजूला दिवस गेले. रीत अशी की पहिलटकरीण माहेरी येते. पण माहेरी कोण? मला उचलायला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाची कंबर गेलेली. मंजूने फोनवर सांगितलं, “आई, इथेच करू या. श्रीकांतच्या आई येतायत.”

त्या येतायत हे ऐकल्यावर मी ठरवलं की मीही जाणार. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आमच्या मोठ्या जाऊबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, पोलादपूरच्या आतल्या अंगाला गावी शेती बघतात. त्या मुद्दाम एसटीने आल्या.

“आसा कधी आयकला नाय गो सुमन. लेक आयकडं येते. आय लेकीकडं जाते काय बाळंतपनाला?”

“आक्का, लेकीला येता येत नाही तर आईने जायचं.”

“आन जाऊन करशील काय?”

हाच तर प्रश्न होता. त्या घरात एक बाळंतीण असणार, एक बाळ असणार. मी तिथे जाणार ती बाळंतिणीची आई म्हणून, की उचलून ठेवायचं तिसरं माणूस म्हणून? खुर्ची बरोबर असेल तर मी माझी माझी फिरेन, बाळाचे कपडे घड्या घालीन, रात्रीबेरात्री तिच्या खोलीत जाईन. खुर्ची नसेल तर मी घरी राहिलेली बरी. रेल्वेचं पाहून झालं होतं. महाडजवळच्या वीर स्टेशनात खुर्ची फलाटावर पोचली असती, पण डब्याच्या दारातून आत गेली नसती. म्हणून श्रीकांतने मुंबईहून विमानाची तिकिटं काढली, विमान कंपनीला आधी कळवलं, बॅटरीतलं अॅसिड सांडत नाही असं बनवणाऱ्यांचं पत्रही मिळवलं.

आक्का ह्यांच्याशी परसात जाऊन काहीतरी कुजबुजल्या. मी दांडा वळवून मागे गेले, तेव्हा दोघंही आंब्याच्या झाडाकडे बघत होती.

विमानतळ

आधी नव्या पेशंटबाईंसाठी कामाचं. आदल्या संध्याकाळपासून पाणी बेताने प्या, विमानातलं बाथरूम आपल्यासाठी केलेलं नसतं. बसायची गादी हातात ठेवा, खुर्चीबरोबर देऊ नका. विमानाच्या दारापर्यंत आपल्याच खुर्चीतून जाऊ द्या म्हणून हट्ट धरा. आणि आपला नवरा गालात हसत असेल तर खुर्चीच्या खाली वाकून बघायला कुणाला तरी सांगा.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने बॅटरीचं पत्र वाचलं, वरच्या साहेबांना दाखवलं, शिक्का मारला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, कारण आम्ही महिनाभर घाबरत होतो ते बॅटरीलाच. बॅगांचं वजन भरलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, बाळगुटीचं सामान, सगळं बसलं. हे फारच खुशीत होते. मला म्हणाले, “खुर्चीचं वजन करत नाहीत बघ हे लोक. खुर्ची फुकट जाते.”

“मग?”

“मग काही नाही. सहज बोललो.”

खुर्ची तपासणीच्या यंत्रात मावेना. म्हणून मला तिथल्या एका साध्या खुर्चीत बसवलं आणि एक उंचनिंच जवान माझ्या खुर्चीखाली हात घालून चाचपू लागला. तो हरियाणाकडचा असावा. त्याचा हात मागे अडला.

“माताजी, ये क्या है?”

“बॅटरी है.”

“बैटरी तो आगे है. ये पीछे है. बंधा हुआ है.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

बॅटरीच्या पेटीमागे, मागच्या चाकांच्या मध्ये, काथ्याने आवळून बांधलेलं एक गाठोडं होतं. एसटीच्या टपावर आयुष्यभर सामान बांधून घेतलेल्या माणसाची गाठ ती, जवानाला सुटेना. शेवटी ह्यांनीच वाकून सोडली, कंबर धरून. आधी गोवऱ्या निघाल्या. थापताना आक्कांची पाचही बोटं त्यांवर उमटलेली. मग कोळसे. आणि मग, आक्का कामात चोख असल्यामुळे, काडेपेटी.

जवानाने साहेबांना बोलावलं. साहेब दक्षिणेकडचे, कडक इस्त्रीतले. त्यांनी पेनाच्या टोकाने एक गोवरी उलटी केली.

“व्हॉट इज धिस?”

ह्यांनी चौकशीच्या खिडकीवर वापरायची ती इंग्रजी काढली. “सर, धिस इज फॉर डिलिव्हरी.”

साहेबांनी माझे पिकलेले केस पाहिले. “हर डिलिव्हरी?”

“नो सर. हर डॉटर. इन बंगलोर. वुई गिव्ह स्मोक.”

‘स्मोक’ म्हटल्यावर आणखी दोन साहेब आले.

जवानानेच शेवटी समजावलं. “सर, उपले हैं. हमारे गाँव में भी जच्चा को धूनी देते हैं.” साहेबांना ते पटलं असावं, पण बॅटरीशेजारी शेण, कोळसा आणि काडेपेटी बांधून विमानात चढणाऱ्या माणसांची बॅटरी उघडून पाहणं त्यांना भाग होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पेटी उघडली, वायरी सोडल्या, दांड्याची केबल काढली, सीट वेगळी केली. माझी खुर्ची जमिनीवर सुटी होऊन पडली. गोवऱ्या जप्त केलेल्या नेलकटर आणि कात्र्यांच्या डब्यात गेल्या. टाकण्यापूर्वी जवानाने त्या क्षणभर हातात धरल्या होत्या.

मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तिथून निघूनच गेले असते, पण निघून जायचं साधन समोर उघडं पडलं होतं.

वर

विमानात नेताना अरुंद खुर्चीला पट्ट्यांनी बांधतात. रिक्षात गॅसचा सिलिंडर बांधतात तशी मी बांधली गेले. दोन मुलांनी मला सीटवर ठेवलं. उचलताना त्यातला एक म्हणाला, “आंटी, रिलॅक्स.” रिलॅक्स होणं हाच माझा आजार आहे, हे त्याला कुठून माहीत असणार.

हे खिडकीशी. थोड्या वेळाने म्हणाले, “आली.” मी मान लांब करून पाहिलं. खाली चार जण माझी खुर्ची आडवी करून सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवत होते. कुशीवर पडलेली खुर्ची पाहून मला एकदम रडू आलं. इतक्या माणसांनी मला इतक्या वेळा उचललं, पण बाहेरून ते कसं दिसतं हे मी कधी पाहिलं नव्हतं.

“सुरू होईल ना ती?”

गाडी सुटेल की नाही यावर उत्तर द्यायचं नाही, हा डेपोतला जुना नियम ह्यांनी पाळला.

विमान वर गेल्यावर मी अबोला सोडला. “तुम्हाला कशाला सुचलं हो हे?”

“मला नाही. आक्काला.” मग समोरच्या सीटकडे बघत हे म्हणाले, “आक्का म्हणाली, बाळाला न्हाऊ घालायला वाकायला लागतं, ते सुमनला जमायचं नाय. मालिश जमायची नाय. धुरी बसून देता येते. तेवढं तिच्या हातचं होऊ दे. आणि बंगलोरात गोवऱ्या कुठे मिळणार?”

मी पुढे भांडले नाही. आक्का एसटीतून उतरल्यापासून मला नावं ठेवत होत्या, आणि त्याच वेळी मला बसून करता येईल असं काम शोधत होत्या. हे मात्र त्यांनी मला सांगायला हवं होतं. आणि काडेपेटी नको होती.

दोन पेशंट

बंगलोरला खुर्ची आली. सीट बसवली, वायरी जोडल्या, दांडा हलवला. काही नाही. दिवाही लागेना. मोटरची चाकं बंद असली की ती खुर्ची हत्तीसारखी जड. कुठली तरी खिट्टी पाडली की ती ढकलता येते, पण ती खिट्टी आम्हाला त्या वेळी आठवेना. चार हमालांनी मला खुर्चीसकट उचललं आणि बाहेर नेलं.

बाहेर मंजू उभी होती. नऊ भरलेले. माझा एक पाय पायपट्टीवरून घसरून लोंबत होता. ती आधी वाकली, एवढं पोट सावरत, आणि माझा पाय उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाली, “प्रवास कसा झाला, आई?”

मी “छान” म्हटलं. त्या क्षणी मला परतीचं विमान मिळालं असतं तर मी टपावर बसूनसुद्धा गेले असते.

विहीणबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या. सकाळी उठून मंजूला दूध, मला आधार, मंजूला पेज, मला मोरीत. मी काही करायला गेले की म्हणायच्या, “तुम्ही बसा.” मी बसलेलीच असते. एकदा मी तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, “मग काय, झोपा.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला रात्री झोप येईना. मी मदत करायला आले होते आणि माझ्यामुळेच विहीणबाई दोन खोल्यांमध्ये धावत होत्या.

हे आणि श्रीकांत खुर्चीला भिडले. श्रीकांत इंटरनेटवरून माहिती काढून वाचायचा, हे खुर्चीला थापट्या मारायचे. विमान कंपनीला खरमरीत तक्रार लिहायचं ठरलं. मजकूर मीच सांगितला, व्याकरणासकट. ‘आपल्या हलगर्जीपणामुळे एका अपंग ज्येष्ठ शिक्षिकेस’ इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात श्रीकांतने दांड्याच्या केबलचं टोक टॉर्चखाली धरलं.

“बाबा, यात काय अडकलंय?”

ह्यांनी चष्मा लावून पाहिलं. त्या बारीक भोकांमध्ये गोवरीचा भुगा गच्च बसला होता. आक्कांच्या गोठ्यातला. श्रीकांतने जुन्या टूथब्रशने तो साफ केला, केबल लावली, आणि हिरवा दिवा लागला. तक्रारीचा कागद मी पाठकोरा म्हणून वाणसामानाच्या यादीला दिला.

त्याच संध्याकाळी खुर्चीतून मी कोपऱ्यापर्यंत फिरून आले. तिथे पूजेच्या सामानाचं दुकान होतं. बाहेरच पारदर्शक पिशव्यांत, एकसारख्या गोल, गोवऱ्या टांगलेल्या. मी एक पिशवी मांडीवर घेऊन आले आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली.

धुरी

मुलगी झाली. दोघी सुखरूप. घरी आल्यावर पहिल्या आंघोळीनंतर मी बाल्कनीत शेगडी पेटवून घेतली, निखाऱ्यावर ओवा टाकला, आणि ऐटीत धुरी द्यायला बसले. मंजू बिचारी डोळ्यांतून पाणी काढत केस पसरून बसली. ओव्याचा धूर वरच्या मजल्यावर गेला. वरच्यांनी खाली फोन केला, आणि बाळीचे केस वाळायच्या आत इमारतीचा पहारेकरी पाण्याची बादली घेऊन दारात उभा. त्याने शेगडी विझवली ती विझवलीच. सोसायटीने धुराला बंदी घातली.

माझं बसून करायचं एकुलतं एक काम पहिल्याच दिवशी संपलं. विहीणबाई म्हणाल्या, “जाऊ द्या. तुम्ही बसा.”

बाळी रडते

बाळीचं पोट दुखू लागलं. दुपार झाली की तिचा सूर लागायचा तो तिन्हीसांजेपर्यंत. बाळगुटी झाली, पोटावर हिंग झालं, खांद्यावर घेऊन फेऱ्या झाल्या. विहीणबाईंचे पाय सुजले. मंजूला रात्रीची झोप नाही, दुपारची नाही. एका दुपारी मी तिच्या खोलीत गेले तर बाळी रडत होती आणि मंजूही रडत होती, आणि कोण कुणाला थोपटतंय ते कळत नव्हतं.

“दे इकडे,” मी म्हटलं.

“आई, तुला धरवणार नाही.”

खरं होतं. माझ्या हातांना आता वजन पेलत नाही. विहीणबाई पलीकडे आडव्या झाल्या होत्या. त्या उठल्या, जुनं लुगडं आणलं, बाळीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि लुगड्याचे दोन वेढे तिच्या आणि माझ्या अंगाभोवती घेऊन मागे पक्की गाठ मारली. दोन्ही बाजूंना उशा खोचल्या. ओढून पाहिलं. “आता पडत नाही,” म्हणाल्या. “सावकाश जा हो.” त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला ‘बसा’ म्हटलं नाही.

मी दांडा पुढे केला. घराबाहेर लांबलचक व्हरांडा होता, या टोकाच्या जिन्यापासून त्या टोकाच्या जिन्यापर्यंत, साऱ्या बिऱ्हाडांच्या दारांवरून जाणारा. खुर्ची गुणगुणत निघाली. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर चाकं जराशी टक् करायची. पहिल्या फेरीत बाळी रडत होती. दुसऱ्या फेरीत ती रडता रडता थांबून ऐकू लागली. मग तिने एक मोठा उसासा सोडला, अगदी आक्कांसारखा, आणि झोपली.

मी थांबले की तिच्या भुवया आक्रसायच्या. म्हणून थांबले नाही. मला काहीही दुखत नव्हतं. मांडीवर ऊब होती. माझ्या पायांचा गेल्या कित्येक वर्षांत कुणाला काही उपयोग झाला नव्हता, आणि आता त्यांवर कुणीतरी निवांत झोपलं होतं.

पलीकडच्या टोकाला कुणाच्या तरी चपलांच्या कपाटाशी खुर्ची थांबली. बॅटरी संपली होती. घराचं दार दूर आणि लोटलेलं. हाक मारता आली असती, पण बाळी उठली असती. आणि आता ती इतकी गाढ झोपली होती की थांबलेलं तिच्या लक्षातही येत नव्हतं. मी कपाटाशेजारी तशीच बसून राहिले. लिफ्टमधून येणाऱ्या एका बाईंनी खुणेने विचारलं, ढकलू का? मी खुणेनेच नको म्हटलं.

बऱ्याच वेळाने हे शोधत आले. परिस्थिती पाहिली, तोंड उघडलं, माझा चेहरा पाहून मिटलं, आणि शेजारी फरशीवर भिंतीला टेकून बसले. आम्ही दोघं तशीच बसलो, गाडी बंद पडल्यावर प्रवासी बसतात तशी, फक्त घाई कुणालाच नव्हती.

मग पलीकडचं दार उघडलं. मंजू बाहेर आली, केस विस्कटलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या. आम्हाला पाहून धावत निघाली आणि बाळीकडे लक्ष जाताच तिने पावलं हळू केली. “आई, मी किती वेळ झोपले गं? उठवलं का नाहीस?” ती कुजबुजली.

“जा,” मी म्हटलं. “अजून झोप. आम्ही आहोत इथे.”

तिने माझ्याकडे पाहिलं, बाळीकडे पाहिलं, लुगड्याच्या गाठीकडे पाहिलं. मला वाटलं, आता वाकेल, बाळीला उचलून नेईल. ती म्हणाली, “बरं.” आणि पुन्हा मागे वळूनसुद्धा न बघता आत जाऊन झोपली.